गिऱ्याची शेंडी

तातूकाका खोटारडे होते असं आमच्या रेडीत कुणी म्हणालं, तर मी आजही पदर खोचून भांडायला उभी राहीन. तातूकाका खोटं बोलत नसत. ते नुसतं बोलत, आणि त्यातलं खोटं ऐकायचं काम आम्ही वाडीतली माणसं आपणहून करत असू. हे मला कळायला तीस वर्षं लागली, आणि मी तर त्यांची सख्खी शेजारीण. मधे फक्त एक दगडी गडगा.

दत्ताराम हे नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावर होतं. एरवी ते तातू सारंग. बंदरात लोहखनिज न्यायला परदेशी बोटी येत, त्या बाहेर खोल पाण्यात उभ्या राहत, आणि इथली लाल माती बार्जमध्ये भरून त्यांच्यापर्यंत पोचवावी लागे. तातूकाका अशा एका बार्जचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. सारंगाला स्वतः काही उचलायचं नसतं, ओरडायचं असतं. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

निवृत्त झाल्यावरही ते पाय फाकवूनच चालत. देवळाच्या सपाट फरशीवरसुद्धा त्यांना कुठून लाट येईल याचा भरवसा नसे. घरातली प्रत्येक वस्तू दोरीने बांधलेली असे, छत्री काय, कॅलेंडर काय, दुधाची पिशवी काय. गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगायची माटवी आमच्या घरीसुद्धा तेच बांधत, आणि विसर्जन झालं की सोडवायलाही त्यांनाच हाका माराव्या लागत, कारण त्यांच्या गाठी बाकी कुणाला सुटत नसत. कुठे काही ढिलं दिसलं की म्हणत, "आमच्या बार्जीर असा चलूचा नाय." बार्ज भंगारात जाऊन किती वर्षं झाली होती, पण चलायचं नाही ते नाहीच.

आणखी एक. सकाळचा चहा ते स्वतः करत आणि बायकोला नेऊन देत. मी लग्न होऊन आले तेव्हा असं करणारा पुरुष वाडीत तेवढा एकच होता. बोटीवरची सवय, असं सगळे म्हणत. मीही तसंच धरून चालले होते.

आता गिऱ्याचं सांगते. माझ्या लग्नाच्या दहा वर्षं आधीची गोष्ट, पण मी ती इतक्यांदा ऐकली आहे की मीच तिथे हजर होते असं कधीकधी वाटतं. वारा फिरला आणि एक रशियन बोट आठ-दहा दिवस बाहेर अडकून पडली. तातूकाका बार्जवरून त्यांना नारळ, केळी पोचवत. त्या बोटीवर वासिली नावाचा एक खलाशी रोज सकाळी डेकवर लोखंडाचा एक काळा गोळा एका हाताने उचलून डोक्यावर नेई. गोळ्याला वर जाड मूठ होती. तातूकाका बघत बसत. बोट निघायच्या दिवशी वासिलीने आपल्याकडच्या दोन गोळ्यांपैकी एक तातूकाकांच्या हवाली केला, आणि त्याच्या बदल्यात पोतंभर शहाळी आणि काजूच्या दारूच्या दोन बाटल्या घेतल्या. त्या गोळ्याला त्याच्या भाषेत काय म्हणतात तेही तातूकाकांनी नीट पाठ करून घेतलं. गिऱ्या.

तेवढं पाठ केलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेला गोळा घेऊन ते जेटीवरून घरी निघाले. वाटेत चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, खांद्यावर काय रे. तातूकाका मोठ्या ऐटीत म्हणाले, "गिरो."

आमच्याकडे गिरो म्हणजे पाण्यातलं भूत. खाडीच्या काठाने उशिरा जाणाऱ्याला तो वाट चुकवतो आणि पाण्यात ओढतो. पण ज्याच्या हाती त्याची शेंडी लागली, त्याच्या घरी तो मुकाट चाकरी करतो, पाणी भरतो, लाकडं फोडतो. आता टॉवेलातून गोळ्याची मूठ बाहेर आलेली आणि तातूकाकांनी ती गच्च धरलेली. ते घरी पोचायच्या आधी बातमी पोचली की तातू सारंगाने गिरो धरून आणला, शेंडीसकट.

त्यांची आई दारात आडवी उभी राहिली. गोळा उंबरठ्याच्या आत येऊ देईना. हे लोखंड आहे, व्यायामाचं आहे, हे तातूकाकांनी सांगून पाहिलं, पण नावच गिरो म्हटल्यावर पुढे काय बोलणार. शेवटी देवळातल्या मानकऱ्याला बोलावलं. गोळा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, तुळशीसमोर ठेवला, नारळ ठेवला, आणि रीतसर गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो जो काय परमुलखातसून इल्लो गिरो आसा, तेका ह्या घरात ठाव दे. तेना कोणाक उपद्रव करूक नये, सांगलेला काम मुकाट करूचा." जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि गिरो घरात आला.

दुसऱ्या दिवसापासून तातूकाकांच्या मागच्या पडवीतून आवाज येऊ लागला. वासिलीकडून शिकलेले रशियन आकडे. राज, द्वा, त्री, चितीरे, प्यात, शेस्त, सेम, वोसेम, देव्यात. प्रत्येक आकड्याआधी दम लागल्याचा हुंकार, प्रत्येक आकड्यानंतर धप्प. नऊ झाले की थांबायचं, थोडा वेळ गेला की परत नऊ. दहावा कधी नाही. सगळी वाडी त्या आकड्यांवर उठे. शेजारच्या गावांतून माणसं गिरो बघायला येत, मुठीला लांबून हात जोडत आणि तातूकाकांच्या दंडाकडे बघत जात. दंड काही विशेष नव्हते, पण ज्याने गिऱ्याची शेंडी धरली त्याला दंड कशाला लागतात.

एका काजूच्या हंगामात मात्र गिऱ्यावर किटाळ आलं. बी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचं वजन कुठेतरी गहाळ झालं, म्हणून त्याने तातूकाकांकडून गिरो मागून नेला आणि सोळा किलो समजून तराजूत ठेवला. बी घालणाऱ्यांना संशय आला, की हे सोळापेक्षा जड आहे. तक्रार गेली. वजनमापवाले साहेब आले, त्यांनी गोळा उलटा-पालटा करून पाहिला, शिक्का ओळखीचा नाही म्हणून जप्त केला. तातूकाका धुतलेला सदरा घालून कचेरीत गेले. कचेरीत गेले की त्यांची भाषा इस्त्री करून येई. म्हणाले, "साहेब, हे वजन नाही. हा व्यायाम आहे." साहेबाने विचारलं, व्यायाम असेल तर करून दाखवा. तातूकाकांनी टेबलावरच्या काचेकडे, फायलींच्या गठ्ठ्याकडे आणि वरच्या पंख्याकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, इथेच का. साहेबानेही वर पाहिलं आणि गिरो सोडून दिला.

ही गोष्ट ऐकून मी पोट धरून हसले होते. पण लगेच पुढच्या महिन्यात मला खरं काय ते कळलं. मी नवी सून, विरजण मागायला म्हणून गडगा ओलांडून मागच्या दाराने गेले. पडवीत तातूकाका बाकड्यावर बसले होते, हातात चहाची बशी. ते चहाचा घोट घेत, मग दम लागल्यासारखं कण्हत, आणि म्हणत, "त्री." आणि समोर काकी, म्हणजे त्यांची बायको वत्सलाकाकी, ओचा खोचून, पाय रोवून, गिरो दोन पायांमधून मागे नेऊन एका हाताने थेट डोक्यावर नेत होती. हात सरळ, मान सरळ, तोंडावर रोजचेच भाव. मग गिरो खाली पोत्यावर. धप्प.

मला बघून तातूकाकांच्या बशीतला चहा सांडला. काकीने मात्र नऊ पुरे केले, मग म्हणाली, "विरजण शिंक्यावर आसा, घेवन जा. आणि बघलंस ता हयच ठेव."

नंतर तिने हळूहळू सगळं सांगितलं. गिरो आणला त्याच्या पाचव्याच दिवशी तातूकाकांच्या कमरेत अशी उसण भरली की ते आठवडाभर अंथरुणावरून उठले नाहीत. डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून ताकीद दिली. पण तोवर गावभर झालेलं. आता आवाज थांबला तर लोक म्हणणार, गिरो उलटला. म्हणून सासूनेच पोतं शोधून दिलं आणि सुनेला सांगितलं, तू नुसता आपटत जा, तो मोजील. आधी काकी फक्त आपटायची. मग वर नेऊ लागली. मग तिला ते आवडू लागलं. "सकाळी तेका नऊ वेळा वर नेलंय काय दिवसभर हंडो हलको लागता," ती म्हणाली. नऊच का, तर नववा आकडा देव्यात. त्यात देव आहे. देवाच्या पुढे कशाला जायचं.

आणि तो चहा? उचलणारीला चहा कोण करून देणार मग?

मी बघितलेलं तिथेच ठेवलं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे पोस्टात माझ्या हाताखाली काम केलेला कुणीही सांगेल.

अशी वर्षं गेली. तातूकाका पंचाहत्तरी ओलांडून गेले, काकी सत्तरीला टेकली, आणि आकडे काही थांबले नाहीत. मग दोन वर्षांपूर्वी स्नेहल आली. आमच्याच वाडीतली मुलगी, पुण्याला व्यायामाचं शिक्षण घेऊन, तिथल्या जिममध्ये काम करून परत आलेली. कसालला हायवेच्या कडेला तिने स्वतःची जिम काढली होती. पुरुष येत, बायका येत नव्हत्या. वजन उचललं की बाईचं पोट सरकतं, असं कुणीतरी पसरवलेलं. सुट्टीत घरी आली असताना सकाळी तिने रशियन आकडे ऐकले आणि पडवीत जाऊन गिरो पाहिला. मी तेव्हा तिथेच होते. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि गोळ्यावरचा शिक्का बोटाने पुसत राहिली.

तिने सांगितलं, याला आता जगभर केटलबेल म्हणतात. रशियात हे मुळात धान्याच्या बाजारातलं तराजूचं वजन. एक पूड, म्हणजे सोळा किलो आणि वर थोडं. बाजार थंड असला की तिथली माणसं ही वजनं उचलून, फेकून एकमेकांची गंमत करत. मग जत्रेत पैजा लागू लागल्या, मग पहिलवानांनी ते उचललं, मग सैनिकांनी. आपल्या तालमीतही मुठीचा दगडी नाल असे, तो याचाच भाऊबंद. मधे बाकीच्या जगाने हे सगळं अडगळीत टाकलं, आणि आता मोठमोठ्या शहरांत लोक ते नव्याने शिकतायत. "आणि काका, तुम्ही ते इथे रेडीत चाळीस वर्षं सोडलं नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तातूकाका वजनमापवाल्या साहेबाची आठवण काढून म्हणाले, म्हणजे ते वजनच होतं तर. एवढं बोलून ते उठून आत गेले. मी त्यांना बोलणं अर्धं टाकून उठताना प्रथमच पाहिलं.

पंधरा दिवसांनी पोस्टात पत्र आलं. जिमच्या वर्धापनदिनी कसालला श्री. दत्ताराम सारंग यांचा जाहीर सत्कार, आणि त्यांच्या हस्ते नऊ आकड्यांचं प्रात्यक्षिक. पत्र मीच त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी ते पोस्टात येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, उत्तर लिही. कंबर धरली आहे, येणं जमणार नाही, असं लिही. मी लिहिलं. मग त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला, वाचला, आणि घडी घालत बसले. लाज वाटते का, मी विचारलं.

"माज्यान उचलूक जमणा नाय, तेची माका लाज नाय," ते म्हणाले. "चाळीस वर्सां ती उचलता आणि कागदार नाव माजा. तेची वाटता."

मग खरं सांगून टाका, मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले की काकीने शपथ घातली आहे. तिचं म्हणणं, लोक तुम्हाला हसतील, आणि ते तिला चालायचं नाही. सत्कार घ्या, प्रात्यक्षिकाच्या वेळी कमरेला हात लावा, आणि घरी चला. तिने सगळं ठरवून दिलं होतं. तातूकाकांनी कागदाच्या चार घड्या घातल्या, खिशात ठेवला आणि पाय फाकवत निघून गेले. ते पत्र कधी टाकलं गेलं नाही.

कसालला मांडव भरला होता. पुढे पुरुष, मागे थोड्या बायका. काकी अगदी शेवटच्या रांगेत, मांडीवर थर्मास आणि पिशवी, शेजारी मी. व्यासपीठावर लाल कापडावर आमचा गिरो ठेवला होता, स्नेहलने त्याला तेल लावून चकचकीत केलेला. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि स्नेहल म्हणाली, आता काका नऊ आकडे करून दाखवतील. काकीने माझं मनगट धरलं. चाळीस वर्षं गिरो धरलेला हात होता तो, माझी हाडं कळवळली.

तातूकाका माइकपाशी आले. सुरुवात इस्त्रीच्या भाषेत केली, सन्माननीय व्यासपीठ वगैरे. मग गिऱ्याकडे पाहिलं आणि इस्त्री मोडली.

"ह्यो गिरो आणलो मी. उचललो माज्या बायलेन. मी फकस्त मोजलंय."

 मग पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. आमच्याच वाडीतला एक म्हातारा उठून म्हणाला, म्हणजे तातूने चाळीस वर्षं आम्हाला शेंडी लावली. आता मात्र सगळेच हसले. काकीने मान खाली घातली. तिला ज्याची भीती होती तेच झालं होतं.

तातूकाका हसू ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "शेंडी माज्या हातात कधी नव्हतीच रे, लावतलंय कशी? ती हिच्या हातात."

त्यांनी शेवटच्या रांगेकडे हात करून तिला हाक मारली. काकी उठेना. मी कोपराने ढोसलं, तरी नाही. पुन्हा हाक मारली, तरी नाही. तेव्हा तातूकाकांनी माइकवरून, कुणीही गिऱ्याजवळ नसताना, मोठ्याने म्हटलं, "राज."

कुणाला काही कळेना. ते थांबले, आणि पुन्हा म्हणाले, "राज."

काकी उठली. आकडा पडला आहे आणि गिरो खालीच आहे, हे तिला बघवेना. तिने थर्मास आणि पिशवी माझ्या मांडीवर टाकली, ओचा खोचला, आणि रांगांमधून सरळ चालत वर गेली. चपला काढल्या, गिऱ्याला एकदा हात जोडले, आणि मूठ धरली. पहिल्या वेळी गिरो वर गेला तेव्हा मांडवात एक मोठा श्वास ऐकू आला. तिसऱ्या वेळेपासून मागच्या बायका उभ्या राहिल्या. स्नेहल तोंडावर हात धरून रडत होती. आणि तातूकाका, शाल घसरून पडलेली, माइक गच्च धरून मोजत होते. कण्हायचं सोंग नाही, दम नाही, नुसते खणखणीत आकडे. देव्यात म्हटलं आणि मगच त्यांनी माइक सोडला. मला त्या दिवशी त्या दोघांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पोटच्या मुलांचाही कधी वाटला नाही, आणि हे मुलांना वाचायला मिळालं तरी चालेल.

घरी आल्यावर मी मागचं सगळं बोलणं आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत तातूकाका गिऱ्याबद्दल काय नाही बोलले. आमच्या घरात गिरो रोज वर जातो. या घरात जो गिरो उचलतो त्याच्या वाटेला यमसुद्धा जाणार नाही. त्यात "मी" कुठेही नव्हता. आम्ही तो आपापल्या घरून आणून घातला होता, आणि ते तो न खोडता आपल्या बायकोचं कौतुक आम्हाला ऐकवत होते.

कसालच्या जिममध्ये आता बायकांची वेगळी वेळ आहे. आमच्या वाडीतही गुरुवारी सकाळी काकीच्या खळ्यात दहा-बारा जणी जमतात. स्नेहल नवे गोळे घेऊन येते, लहान, रंगीत मुठींचे. ती दहापर्यंत करा म्हणते, आणि आमच्या बायका नऊला थांबतात. मीही जाते. माझा गोळा आठ किलोचा, आणि त्याबद्दल कुणी काही बोललेलं मी खपवून घेत नाही.

मोजायचं काम तातूकाकांचं होतं. गेल्या थंडीत त्यांची तब्येत उतरली तेव्हा त्यांची खाट काकीने पुढच्या पडवीत हलवून घेतली, आणि ते पडल्या पडल्या मोजत. दोरीचा एक तुकडा हातात असे, प्रत्येक आकड्याला ते एक गाठ मारत. मी त्यांना शेवटचं पाहिलं तो असाच एक गुरुवार. आम्ही सगळ्या थकून बाजूला बसलो होतो आणि काकी तिचा जुना गिरो घेऊन उभी होती. तातूकाका हळू मोजत होते. सेम झालं. वोसेम झालं. काकीने नवव्यांदा गिरो वर नेला आणि आकडा आलाच नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते, छाती जोरात वरखाली होत होती. दोरी हातातून सुटली होती.

काकी गिरो डोक्यावर धरून उभी राहिली. हात सरळ, मान सरळ. स्नेहल हळूच म्हणाली, काकी, ठेवा. काकीने तिच्याकडे बघितलंही नाही, ती खाटेकडे बघत होती. तिचा दंड थरथरायला लागला तरी हात खाली येईना. 

तातूकाकांनी डोळे उघडले. तिला तशी उभी पाहिली, ओठांवरून जीभ फिरवली, आणि गडग्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "देव्यात."

मग काकीने गिरो खाली ठेवला.